कोरडवाहू सूर

आश्विन लागला की माहूरच्या डोंगरातलं गवत रंग बदलू लागतं. शेंड्याला पिवळं, बुडख्याशी तांबूस. श्रावणात याच गवतातून चालताना पावलांचा आवाज होत नाही. ओली काडी मुकाट्यानं दबते आणि पाय उचलला की पुन्हा उभी राहते. आश्विनात तीच काडी बोलू लागते. सागाचंही तसंच. पावसाचा मारा निमूट झेलणारी त्याची रुंद, खरखरीत पानं हिवाळा सरता सरता गळून पडली, की त्यांच्यावरून सरडा गेला तरी दहा पावलांवर कळतं. भोवतीचा सगळा मुलूख असा दिवसागणिक वाजता होत जातो. खाली पैनगंगा एका हाताला यवतमाळ आणि दुसऱ्या हाताला नांदेड ठेवून वाहत असते. पुरातला तिचा घोगरेपणा निवळलेला असतो.

याच दिवसांत रेणुकेच्या पायऱ्या चढणाऱ्या गर्दीत गोंधळी दिसतात. पायघोळ अंगरखा, गळ्यात कवड्यांची माळ, एकाच्या कमरेला संबळ आणि दुसऱ्याच्या काखेत तुणतुणं. भाद्रपदात हे तुणतुणं घरी खुंटीवर टांगलेलं असताना दमट हवेनं त्याचं कातडं सैल पडलेलं असतं. तार छेडली तर बसलेल्या घशातून यावा तसा आवाज येतो. आश्विनातली उन्हं तापली की कातडं आक्रसतं, त्याच्याबरोबर तार ओढली जाते आणि सूर चढतो. खुंटीला कुणी हात लावलेला नसतो. डोंगरातल्या गवताला जे होतं, तेच घरातल्या तुणतुण्याला होतं.

या वाद्यापुढे मला हात जोडावेसे वाटतात ते यासाठी. तुणतुणं असो, एकतारी असो, वीणा असो, तंतुवाद्य घडतं ते सुकलेल्या गोष्टींमधून. ओलं लाकूड घुमत नाही. हिरवा भोपळा वेलीवर लोंबकळतो तोवर त्यावर टिचकी मारा, काही ऐकू येत नाही. कातडं उन्हात ताणून त्यातला पाण्याचा शेवटचा अंश जाईपर्यंत त्याला आवाज फुटत नाही. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांना सुकणं कुणी शिकवावं लागत नाही. ते इथल्या पंचांगातच आहे. इथल्या माणसांनी मात्र त्या सुकण्याला एक तार लावली आणि देवीला हाक मारली. यापरतं मोठं काम या मातीत फार थोडं झालं असेल.

तुणतुण्याच्या जन्माची कथा माहूरचीच आहे. परशुरामानं बेटासुर नावाच्या दैत्याला मारलं, त्याच्या देहातल्या तंतूंची तार करून एक वाद्य बनवलं, आणि ते वाजवत तो आपल्या आईपुढे, रेणुकेपुढे, येऊन उभा राहिला. तोच पहिला गोंधळ, असं गोंधळी सांगतात. ही कथा ऐकताना पहिल्यांदा अंगावर काटा येतो. पण थोडा वेळ तिच्याजवळ थांबलं, की तिच्यातलं खरं दिसायला लागतं. प्रत्येक तंतुवाद्यात काहीतरी मेलेलं असतंच: एखादं झाड, एखादं जनावर, एखादी वेल. कथेनं ते झाकलेलं नाही. आणि हा तोच मुलगा, ज्यानं बापाच्या आज्ञेवरून आईवर परशू चालवला आणि वर म्हणून तिचा जीव परत मागितला. त्याच्या हातात परशूऐवजी तार आली, आणि ती घेऊन तो आधी कुणाकडे गेला, तर आईकडे. दरबारात राजापुढे बसून वाजवलेल्या वाद्यांच्या गोष्टी जगात पुष्कळ आहेत. आईसमोर उभं राहून वाजवलेल्या वाद्याची ही गोष्ट माहूरच्या जंगलात जन्मली, याचा मला अभिमान वाटतो. आजही रेणुकेचे गोंधळी रेणुराई आणि तुळजाभवानीचे कदमराई, असे दोन घराण्यांचे प्रवाह सांगितले जातात. लातूर आणि नांदेडच्या गावांतून दोन्हींची ये-जा असते.

वाद्य पाहायला अगदी साधं. लाकडाचं, नाही तर पत्र्याचं, वीत-दीड वीत लांबीचं नळकांडं. वरचं तोंड उघडं, खालचं कातड्यानं मढवलेलं. बाहेरच्या अंगाला एक काठी उभी ठोकलेली आणि काठीच्या टोकाला खुंटी. कातड्याच्या मधोमध भोक पाडून तार आत घेतलेली. ती पोकळीतून वर येऊन खुंटीला गुंडाळलेली. बस्स, इतकंच. पडदे नाहीत, घोडी नाही, दुसरी तार नाही. कातडं बहुतेक शेळीचं, आणि या भागात शेळी म्हणजे काळीभोर उस्मानाबादी. बांधावरच्या बाभळीच्या शेंगा आणि बोरीचा पाला यांवर ती वाढते, कडक उन्हाळा काढते, आणि दुष्काळात गोठा रिकामा झाला तरी दारात शेवटपर्यंत असते ती तीच. तुणतुण्याचं कातडं बोटांनी चाचपलं तर कडेला कुठे कुठे केसांची बारीक मुळं अजून हाताला लागतात. मला ती फार जिवंत वाटतात. या जिवानं ज्या उन्हात आयुष्य काढलं, त्याच उन्हात त्याचं कातडं सुकलं.

गोंधळ रात्रीचा. लग्नानंतरचा, जावळाचा, नवसाचा. लातूरकडच्या एखाद्या गावात, शाळूची काढणी उरकल्यावर, घरापुढच्या अंगणात पाट मांडतात. त्यावर नवं कापड, कापडावर धान्याची रास, राशीवर कलश, कलशावर नारळ. भोवती पाच उसांचा, नाही तर ज्वारीच्या पाच धांडांचा मांडव. धांडं शेंड्याशी एकत्र बांधतात, तेव्हा त्यांची वाळलेली पानं सळसळतात. रानातून आणलेलं असं सगळं देवीपुढे उभं राहिलं, की दिवटी पेटते. काळ्या जमिनीला पडलेल्या भेगांमधून दिवसभराची ऊब अजून वर येत असते, पण हवेत गारवा उतरू लागलेला असतो. गारव्याबरोबर दव येतं. आणि दवानं तुणतुणं उतरतं.

इथे झीलकरी, म्हणजे तुणतुणं धरणारा साथीदार, जे करतो ते जवळून बघण्यासारखं आहे. तो घाई करत नाही. तुणतुणं उलटं करून कातड्याची बाजू दिवटीजवळ नेतो, पण ज्वाळेवर धरत नाही; ज्वाळेच्या शेजारून, कडेकडेनं फिरवतो. मध्येच तळहात कातड्यावर ठेवून ऊब अजमावतो. हाताला समाधान झालं की काठी खांद्याशी टेकवतो, कान खुंटीजवळ नेतो आणि एकदा छेडतो. पुन्हा शेकतो. पुन्हा छेडतो. मुख्य गोंधळ्याचा गळा त्या रात्री कुठे लागलाय ते त्याला ठाऊक असतं; तिथे तार येईपर्यंत तो खुंटीला नखभर पीळ देत राहतो. बाकीची माणसं तोवर पान-तंबाखू करत बोलत असतात. अचानक ती बोलायची थांबतात, कारण सूर लागलेला असतो. लागला म्हणून कुणी सांगत नाही. अंगणालाच ते समजतं.

मग संबळ कडाडतो आणि देवांना आवतण सुरू होतं. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, गावाची ग्रामदेवता, शिवेवरचा म्हसोबा. एकेका देवाचं नाव घेऊन त्याला या अंगणात बोलावायचं. संबळ चढतो, उतरतो, गिरक्या घेतो. गायकाचा आवाज वर जातो, फाटतो, परत येतो. आख्यान लागतं, त्यात राजे येतात, राण्या रडतात, घोडे धावतात. या सगळ्याखालून तुणतुणं एकच स्वर धरून असतं. त्याला वर जायचं नसतं, खाली यायचं नसतं, स्वतःची करामत दाखवायची नसते. गाणारा कुठेही भटकून आला तरी पाय टेकायला जागा असावी, एवढंच त्याचं काम. मी त्या रात्री गाण्यापेक्षा तुणतुण्याकडेच अधिक कान लावून बसतो. मध्यरात्रीनंतर तो स्वर आणि रातकिड्यांचा स्वर एकमेकांत मिसळतात. पहाटेच्या सुमाराला कुठला आवाज अंगणातला आणि कुठला शेतातला, हे सांगता येईनासं होतं.

परभणीचे राजारामबापू कदम यांच्यासारख्या थोर गोंधळ्यांनी ही कला मराठवाड्याबाहेरच्या रसिकांपर्यंत नेली. गळा त्यांचा होता आणि दाद त्या गळ्याला मिळाली, ते योग्यच. पण अशा प्रत्येक गळ्यामागे एक झीलकरी उभा असतो आणि त्याच्या काखेत एका तारेचं भांडं असतं, हे मला दर वेळी आठवतं.

इथून हजारो कोसांवर, कॅस्पियन समुद्राच्या पश्चिम काठाला, अझरबैजान नावाचा देश आहे. तिथल्या लोकांचं मानाचं वाद्य म्हणजे तार. तुतीच्या लाकडाचा ओंडका पोखरून त्याचं पोट घडवतात. एका मोठ्या वाटीला लहान वाटी जोडावी असा त्याचा आकार. दांडी अक्रोडाची. पोटाच्या तोंडावर जे पातळ कातडं ताणतात ते बैलाच्या हृदयाला वेढणारं आवरण असतं. अकरा तारा, दांडीला बांधलेले पडदे, आणि शिंगाच्या नखीनं छेडायचं. एकोणिसाव्या शतकात शुशा गावच्या सादिगजान या वादकानं ते मांडीवरून उचलून छातीशी धरलं आणि त्याच्या तारा वाढवल्या; तेव्हापासून अझरबैजानी वादक ते तसंच, उरापाशी आडवं धरून वाजवतात. २०१२ साली तिथल्या तारवादनाची आणि तार घडवण्याच्या कारागिरीची नोंद युनेस्कोनं मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. तिथेही दमट हवेत ते आवरण सैल होतं आणि कोरड्या हवेत ताणलं जातं. शुशाच्या डोंगरातलं ऊन आणि माहूरच्या डोंगरातलं ऊन चामड्याशी एकाच रीतीनं वागतं, एवढ्या एका गोष्टीनं मला ती अनोळखी माणसं जवळची वाटतात.

आणि तुती. तुती आता आपल्याकडेही आहे. लातूर-नांदेडच्या शिवारात गेल्या काही वर्षांत सोयाबीन आणि तुरीच्या शेजारी तुतीचे पट्टे दिसू लागलेत. पाला रेशीमकिड्यांना, आणि कोष जालन्याच्या बाजारात. दर दोन-अडीच महिन्यांनी तुती छाटतात, नवे धुमारे फुटतात, पुन्हा छाटतात. शेतकऱ्याच्या हातात त्यामुळे चार पैसे येतात, ते यायलाच हवेत. पण त्या कमरेएवढ्या झुडपांच्या ओळींतून चालताना माझ्या मनात येतं की आपल्याकडची तुती कधी झाड होतच नाही. तिला खोड धरायला सवड मिळत नाही. अझरबैजानात शेकी नावाचं गाव रेशमासाठी शतकानुशतकं प्रसिद्ध आहे. त्या देशात तुतीचं पान किड्याला जातं आणि म्हाताऱ्या झाडाचं खोड वाद्य घडवणाऱ्याकडे. एखाद्या शेतकऱ्यानं बांधाच्या कोपऱ्यात एक तरी तुती न छाटता वाढू द्यावी, असं मला फार वाटतं. तिची फळं पाखरं खातील. आणि पन्नास वर्षांनी कुणाला तरी तिच्या खोडावर टिचकी मारून बघावीशी वाटेल.

त्या मुलखाशी आपलं नातं केवळ झाडापुरतंही नाही. पंधराव्या शतकात बहमनी राज्याचा वजीर झालेला महमूद गावान हा गिलानचा, आणि गिलान म्हणजे कॅस्पियनच्या काठचा, आजच्या अझरबैजानच्या दक्षिण सीमेला लागून असलेला प्रांत. त्यानं १४७२ मध्ये बीदरला उभारलेला मदरसा अजून उभा आहे. उदगीरहून तिथे जायला दीड-दोन तास पुरतात. उदगीर, औसा, कंधार हे सगळे किल्ले तेव्हा त्याच राज्यात. गावान ज्या वाटेनं आला त्या वाटेनं घोडे आले, कारागीर आले, कवी आले. शेवटी १४८१ साली सुलतानाच्याच हुकुमानं गावानचा शिरच्छेद झाला, पण वाट बंद पडली नाही. इतक्या लांबून आलेल्या लोकांत गाणारे होते, आणि ते रिकाम्या हातांनी आले असतील असं मला वाटत नाही. औशाच्या किल्ल्यात दुपारच्या वेळी भिंतीला पाठ टेकून बसलं, की तटावरचं वाळलेलं गवत वाऱ्यानं एका लयीत घासत राहतं. ते ऐकत असताना मी त्या न लिहिलेल्या वाद्यांचा विचार करतो.

औशात वेगळाही सूर आहे. तिथल्या नाथ संस्थानाचं चक्रीभजन पंढरपुरापर्यंत माहीत आहे. आणि वारकऱ्यांचा विषय निघाला की वीणेकडे यावंच लागतं.

वीणेचा भोपळा इकडचा नव्हे. मिरजेला तंबोरे आणि वीणा घडवतात, आणि त्यांच्यासाठी लागणारे मोठे कडू भोपळे भीमेकाठी, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात पिकतात. हा भोपळा खाण्यासाठी नसतो. त्याला वेलीवरच जून होऊ देतात. हिरव्याचा पांढुरका, पांढुरक्याचा पिवळा, आणि हळूहळू वजन हलकं होत जातं. साल दगडासारखी टणक झाली की आतला गर आटून धागे उरतात, आणि हलवला तर बिया खुळखुळतात. मग तो कापतात, पोखरतात, पुन्हा वाळवतात. एका शेतातल्या सगळ्या भोपळ्यांत वाद्याच्या लायक थोडेच निघतात. ज्याच्या मनात घाई आहे त्याच्या हाती हे पीक लागत नाही. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालू आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली आणि त्यांच्या हाताखालून गावभर कारागीर तयार झाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

लातूरकर मिरजेचं नाव आणखी एका कारणानं विसरणार नाहीत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता, शहरात घागरीसाठी जमावबंदी लावायची वेळ आली होती, आणि तेव्हा मिरजेहून साडेतीनशे किलोमीटर धावत पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. ज्या गावानं आमच्या देवळांना सूर दिला, त्याच गावानं आमच्या घागरींना पाणी दिलं. मी सुकण्याविषयी इतक्या भक्तीनं लिहितो आहे, म्हणून हेही लिहायलाच हवं की दुष्काळाला सुंदर म्हणणारा माणूस मला सहन होत नाही. फुटलेल्या भुईच्या छायाचित्रात रेषा दिसतात, पण त्या भुईवर रात्री झोप न येणारी माणसं दिसत नाहीत. भोपळा वेलीवर सुकतो तेव्हा त्याचं आयुष्य पूर्ण झालेलं असतं. पीक सुकतं तेव्हा ते अर्ध्यावर तुटलेलं असतं. या दोन सुकण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि इथल्या माणसाला तो कुणी समजावून द्यायची गरज नाही. दोन्ही पाहिलेलं असूनही तो वीणा गळ्यात घालतो, म्हणून तर ती वीणा इतकी जड वाटते.

गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात. सात दिवस, रात्रंदिवस, देवळात वीणा उभी असते. उभी म्हणजे खरोखर उभी: ती खाली ठेवायची नाही, तिची तार थांबू द्यायची नाही. गावकरी आळीपाळीनं पहारे वाटून घेतात. पहाटे तीनचा पहारा असलेला शेतकरी घोंगडी पांघरून अंधारातून येतो. त्याच्या पायांना रानातली माती असते, ती तो देवळाबाहेरच्या टाकीवर धुतो. आत वीणेकरी डोळे मिटून उभा असतो, दोन तासांच्या उभ्यानं त्याचे गुडघे भरून आलेले असतात. आलेला माणूस आधी वाकून त्याच्या पायांना हात लावतो. एरवी या दोघांत बांधाचा वाद असेल, भाऊबंदकी असेल. मग पट्टा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात सरकतो. त्या क्षणी देणाऱ्याचं बोट तारेवर असतं आणि घेणाऱ्याचं बोट तिच्या शेजारी येऊन ठेपतं. एकाचं उचललं जायच्या आत दुसऱ्यानं छेडलेलं असतं. सूर तुटत नाही. आता देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि भिंतीला टेकून खाली बसतो. नांगर धरून राठ झालेली ती बोटं इतक्या हळुवारपणे तारेवर येतात, की पाहताना श्वास रोखला जातो. सात दिवसांत गावातले किती हात त्या चार तारांवरून जातात, आणि सातव्या दिवशी काल्याला सूर पहिल्या दिवशी होता तोच असतो.

अलीकडे काही ठिकाणी मोबाइलमधला तंबोरा लावून ठेवतात. तो कधी उतरत नाही, दवानं भिजत नाही, त्याला शेकावं लागत नाही. सोय आहे, मान्य. पण बाहेर पाऊस पडतोय की ऊन, हे त्याला कळत नाही. मला तरी तो सूर हवा, जो हवा बदलली की बदलतो आणि ज्याला परत जागेवर आणायला माणसाचा कान लागतो.

नांदेडला गोदावरीच्या काठी हीच श्रद्धा निराळ्या वाद्यातून बोलते. १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी इथेच ग्रंथसाहिबाला गुरुगादी दिली आणि इथेच देह ठेवला. त्या ग्रंथातली वाणी ३१ मुख्य रागांत मांडलेली आहे, तिच्यात नर्सीच्या नामदेवांची ६१ पदं आहेत, आणि त्या परंपरेच्या अगदी आरंभी, गुरू नानकांच्या साथीला, भाई मरदाना यांच्या हातात रबाब होता. रबाबाचं पोटही लाकूड पोखरून केलेलं, त्याच्याही तोंडावर कातडं. अझरबैजानच्या तारेचा तो जवळचा भाऊबंद. आज कीर्तनात बहुतेक पेटी ऐकू येते, पण तंती साज, म्हणजे तारेची वाद्यं, पुन्हा हातात घेणारे तरुण रागी कीर्तनकार आहेत, आणि ते वाढावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे. पेटीतल्या हवेला ऋतू नसतात. रबाबाच्या कातड्याला असतात, आणि गोदावरीवरून येणारा दमट वारा ते ओळखतं.

किनवटच्या जंगलात शिरलं की आणखी जुना सूर भेटतो. हा तालुका १९५६ पर्यंत आदिलाबादेत होता, आणि सीमा बदलली तरी जंगल आणि त्यातली माणसं तीच राहिली. गोंडांच्या कुळांच्या कथा, त्यांचे देव कुठल्या गुहेतून बाहेर आले, कुणी कुठला डोंगर ओलांडला, हे सगळं परधान भाट किंगरीवर गाऊन सांगतात. किंगरी गजानं वाजते. अझरबैजानातही गजानं वाजणारी कमांचा आहे, माशाच्या कातड्यानं मढवलेली. दोन्हींचा आवाज माणसाच्या रडण्याच्या इतक्या जवळचा आहे, की ती वाजत असताना शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहायचं मन होत नाही. सहस्रकुंडाला पैनगंगा काळ्या खडकावरून कोसळते, त्या बाजूच्या पाड्यांतून हिवाळ्यात ही गाणी चालतात. पळस तेव्हा अजून फुललेला नसतो. त्याची पानं मात्र झडून चाललेली असतात.

आणि मार्गशीर्षात माळेगाव. लोहा तालुक्यातल्या या गावी खंडोबाची यात्रा भरते, वद्य चतुर्दशीच्या आगेमागे. हा सगळा भूभाग तेव्हा पुरता कोरडा झालेला असतो. पावसाची आठवण फक्त विहिरींच्या तळाशी. माळावर घोडे, उंट, गाढवं, तांबूस लाल कंधारी बैल, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या देवणी गाई. जनावरांच्या खुरांखालून उडालेली धूळ दिवसभर खाली बसत नाही आणि संध्याकाळी तिच्यात ऊन अडकतं. त्या धुळीतून वाघ्या-मुरळी येतात. वाघ्याच्या हातात दिमडी, मुरळीच्या हातात घोळ, आणि साथीदाराच्या काखेत तुणतुणं. एका राहुटीपुढे एक, पलीकडे दुसरं, देवळाच्या पायरीशी तिसरं. कुणाचं पत्र्याचं, कुणाचं लाकडाचं, कुणाच्या काठीला लाल फडकं बांधलेलं. सगळ्यांच्या पट्ट्या वेगवेगळ्या. पण हवा अशी कोरडी ठणठणीत की एकाही कातड्याला शेकावं लागत नाही. साथीदार काखेतून तुणतुणं काढतात, एकदा छेडतात, मान हलवतात आणि सरळ गायला लागतात. भंडारा उधळला जातो. घोडी खिंकाळतात. बाजूला विकायला बांधलेली काळी शेळी बाभळीच्या शेंगा चघळत त्या आवाजाकडे कान टवकारते, आणि मालक तिच्या पाठीवरून हात फिरवत गिऱ्हाइकाशी दर बोलू लागतो.